ही नळी आज कशासाठी?

आमचे दाजी एस.टी.मध्ये वाहतूक नियंत्रक होते. निवृत्त होऊन बारा वर्षे झाली तरी कोणती गाडी स्टँडवरून किती वाजता सुटते हे ते झोपेतही सांगत. २०१७ च्या पावसाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला. श्वास लागू लागला तसे शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात हलवावे लागले. तीन दिवस व्हेंटिलेटर. चौथ्या दिवशी घशातली नळी निघाली आणि पाचव्या दिवशी त्यांनी अक्काला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, खुणेने चष्मा मागितला. आमचा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. सहाव्या दिवशी भेटीच्या वेळेत अक्काने मला बाजूला घेऊन विचारले, "अरे, ती लघवीची नळी कधी काढणार? फार टोचते म्हणतात ते."

मी तीस वर्षे एका रुग्णालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेत काढली आहेत. हजारो रुग्णांच्या लघवीतले जंतू मी ओळखले, त्यांच्यावर कोणते औषध चालेल ते लिहून दिले. अक्का इतिहासाची शिक्षिका. मी तिला म्हणालो, "राहू दे गं. सोयीचं पडतं त्यांना. उगाच डॉक्टरांच्या मध्येमध्ये करायचं नाही."

नवव्या दिवशी दाजींना हुडहुडी भरून ताप आला. अकराव्या दिवशी तपासणीचा कागद हाती पडला. लघवीत आणि रक्तात एकच जंतू, क्लेबसिएला. खाली औषधांची यादी आणि प्रत्येकापुढे एक अक्षर. 'एस' म्हणजे औषध लागू पडते, 'आर' म्हणजे जंतू त्याला दाद देत नाही. वरपासून खालपर्यंत 'आर', 'आर', 'आर'. तळाशी दोनच 'एस'. त्यांतले टायगेसायक्लिन लघवीत पुरेसे उतरत नाही, म्हणजे ते असून नसल्यासारखे. उरले कोलिस्टिन. मूत्रपिंडांना इजा करते म्हणून १९७० च्या दशकात डॉक्टरांनी जवळपास अडगळीत टाकलेले औषध. आता शेवटचा उपाय म्हणून ते पुन्हा बाहेर काढावे लागते.

असे कागद मी स्वतः सही करून कितीतरी पाठवले होते. पण कागदावर वरच्या कोपऱ्यात ओळखीचे नाव असले की तोच मजकूर वेगळा दिसतो.

अँटिबायोटिकांना जंतू जुमानेनासे झाले आहेत ही बातमी वाचकांना नवी नाही. दरवर्षी नोव्हेंबरात एक जागतिक सप्ताह होतो, तज्ज्ञ इशारे देतात, आणि सर्दीला अँटिबायोटिक घेऊ नका, गोळ्यांचा क्रम अर्धवट सोडू नका, असा उपदेश आपल्याला केला जातो. उपदेशात खोटे काही नाही. पण अतिदक्षता विभागातल्या माणसाने सर्दीसाठी गोळ्या घेतलेल्या नसतात. त्याच्या अंगात हा जंतू कोणत्या वाटेने येतो, हा प्रश्न वेगळा आहे. त्या वाटांपैकी एक मी तीन दिवस डोळ्यांनी पाहत होतो आणि पलंगाला लटकलेल्या पिशवीकडे बघून "लघवी छान होते आहे" असे समाधान मानत होतो.

फुग्याची नळी

निरोगी माणसाच्या मूत्राशयात जंतू सहसा टिकत नाहीत, याचे मुख्य कारण अगदी साधे आहे. आपण दर काही तासांनी लघवी करतो आणि चुकून वर चढलेले जंतू धुऊन निघतात. नळी घातली की हे धुणे थांबते. रुग्णालयात सर्रास वापरली जाणारी नळी फोली या अमेरिकन शल्यविशारदाच्या नावाने ओळखली जाते. सिस्टर मंडळी नुसते 'फोलीज' म्हणतात. नळीच्या टोकाशी एक छोटा फुगा असतो, तो आत गेल्यावर पाणी भरून फुगवतात, मग नळी निसटत नाही. (फोलींनी १९२० च्या दशकाअखेर फुग्याची कल्पना मांडली ती शस्त्रक्रियेनंतरचा रक्तस्राव दाबून थांबवण्यासाठी. पुढे पेटंटच्या भांडणात ते हरले. नाव मात्र त्यांचेच राहिले.) फुग्यामुळे मूत्राशय पूर्ण रिकामे होत नाही, तळाशी थोडी लघवी साचूनच राहते.

पूर्वी या नळीचे दुसरे टोक पलंगाखालच्या उघड्या बाटलीत सोडत. चार दिवसांत जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत जंतू होत. १९६० च्या दशकात बंद पिशवी आली, आणि या विषयातली सर्वांत मोठी सुधारणा कोणत्याही नव्या औषधाशिवाय झाली. तरीही बंद पिशवी म्हणजे बंद दार नव्हे. आजचा हिशेब असा, की नळी असलेल्या शंभर रुग्णांमागे दर दिवशी तीन ते सात जणांच्या लघवीत नव्याने जंतू शिरतात. महिनाभर नळी राहिली तर बहुतेक कोणीच सुटत नाही. रुग्णालयात लागणाऱ्या मूत्रसंसर्गांपैकी सुमारे तीन चतुर्थांश या नळीशी निगडित असतात.

जंतू नळीच्या बाहेरच्या अंगाने चढतात आणि आतल्या अंगानेही. चढताना ते रबराला किंवा सिलिकॉनला चिकटतात, स्वतःभोवती बुळबुळीत थर तयार करतात आणि त्यात वस्ती करतात. पाण्याच्या टाकीच्या भिंतीला हात लावला तर जो बुळा लागतो, त्याच जातीचा हा प्रकार. शास्त्रीय भाषेत बायोफिल्म. लघवीत मोकळे पोहणारे जंतू ज्या मात्रेला मरतात, तिच्या कित्येक पट मात्रा या थरातल्या जंतूंना सोसते. म्हणून संसर्ग झाल्यावर जुनी नळी तशीच ठेवून वरून इंजेक्शने देत राहणे म्हणजे टाकी न घासता वरून क्लोरिन ओतणे होय.

आता नळीच्या आत बसलेल्या या वस्तीची अतिदक्षता विभागातली दिनचर्या पाहा. रुग्णाला न्यूमोनियासाठी, जखमेसाठी, कधी नुसत्या धास्तीपोटी एकामागून एक भारी अँटिबायोटिके चालू असतात. त्यांचा अंश लघवीतून जातो. कमकुवत जंतू मरतात, चिवट उरतात, आणि उरलेल्यांना मोकळी जागा मिळते. शिवाय हे जंतू परीक्षेतल्या कॉपीबहाद्दरांसारखे एकमेकांना चिठ्ठ्या पुरवतात. औषध कसे निकामी करायचे याची माहिती ज्या जनुकात असते, तो जनुक छोट्या गोल डी.एन.ए.वर, प्लाझमिडवर, बसून एका जंतूतून दुसऱ्यात जातो. दुसरा वेगळ्या जातीचा असला तरी चालते. जपानी शास्त्रज्ञांनी हे १९५९ साली हगवणीच्या जंतूंत दाखवून दिले होते. एका चिठ्ठीवर पाचसहा प्रश्नांची उत्तरे असावीत तसे एकाच प्लाझमिडवर अनेक औषधांविरुद्धचे जनुक असतात.

प्रयोगशाळेत हा बदल मोजपट्टीने मोजता येत असे. जंतू वाढवलेल्या बशीवर औषधात भिजवलेल्या कागदी चकत्या ठेवायच्या आणि रात्रभर बशी उबेत ठेवायची. जे औषध लागू पडते त्याच्या चकतीभोवती जंतू वाढत नाहीत, स्वच्छ वर्तुळ राहते. मी १९८३ साली नोकरीला लागलो तेव्हा जेंटामायसिनभोवती चांगली रुपयाएवढी वर्तुळे दिसत. मग सेफोटॅक्झिमसारखी नवी औषधे आली, त्यांचीही वर्तुळे हळूहळू आक्रसली. पुढे इमिपेनेम आणि मेरोपेनेम आली. ही महाग इंजेक्शने राखून वापरायची, असा संकेत होता. काही वर्षे तो पाळलाही गेला. मी २०१३ साली निवृत्त झालो तेव्हा मेरोपेनेमच्या चकतीला जंतू अगदी कडेपर्यंत भिडलेले पाहणे हे आठवड्यातून अनेकदा घडत होते आणि त्याचे कोणाला नवल वाटत नव्हते.

दिल्लीचे नाव

२००८ साली स्वीडनमध्ये एका रुग्णाच्या लघवीत क्लेबसिएला सापडला. रुग्ण भारतीय वंशाचा, नुकताच नवी दिल्लीत रुग्णालयात राहून परतलेला. मेरोपेनेमच्या गटातल्या औषधांचे तुकडे करणारे एक नवे विकर त्या जंतूत मिळाले. त्याला शास्त्रज्ञांनी नाव दिले 'न्यू डेल्ही मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज', थोडक्यात एन.डी.एम.-१. ऑगस्ट २०१० मध्ये 'लॅन्सेट'च्या संसर्गविषयक मासिकात भारत, पाकिस्तान आणि ब्रिटनमधल्या नमुन्यांवरचा निबंध आला आणि एकच गदारोळ उडाला. दिल्लीचे नाव का दिले, परदेशी रुग्ण आपल्याकडे येऊ नयेत म्हणून रचलेला हा कट आहे काय, अशी चर्चा झडली.

शहराच्या नावाने जंतूच्या विकराला ओळखावे हे खटकण्यासारखे होतेच, नाही असे नाही. पण त्या रागाच्या भरात एक गोष्ट मागे पडली. 'लॅन्सेट'च्या पाच महिने आधी, मार्च २०१० मध्ये, मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी आपल्याच देशातल्या वैद्यकीय मासिकात लिहिले होते, की २००९ साली अवघ्या तीन महिन्यांत या गटातल्या औषधांना न जुमानणारे जे २४ जंतू त्यांना मिळाले, त्यांतल्या २२ मध्ये एन.डी.एम.-१ होते. त्याच अंकातल्या संपादकीयात चेन्नईचे डॉ. अब्दुल गफूर यांनी अँटिबायोटिकांचा मृत्युलेखच लिहिला होता. घरच्यांनी आधी सांगितले तेव्हा कोणी ऐकले नाही. परक्याने सांगितले तेव्हा अपमान झाला. २०११ साली दिल्लीच्या साचलेल्या सांडपाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये आणि नळाच्या ५० नमुन्यांपैकी दोनांत हा जनुक सापडला. त्यावरही आधी खुलासे झाले.

पुढे पावले पडली, हे मान्य करायला हवे. मार्च २०१४ पासून 'एच-१' ही औषधांची यादी अमलात आली. तीत २४ अँटिबायोटिके आहेत. ती विकताना दुकानदाराने डॉक्टरांची चिठ्ठी बघायची आणि वेगळ्या वहीत नोंद ठेवायची. २०१७ साली राष्ट्रीय कृती आराखडा आला. कोंबड्यांची वाढ लवकर व्हावी म्हणून त्यांच्या खाद्यात कोलिस्टिन, हो, दाजींसाठी शेवटचे उरलेले तेच कोलिस्टिन, घालण्याची प्रथा होती. तिच्यावर २०१९ साली बंदी आली. ही सगळी पावले योग्यच होती. पण यांतल्या एकाही नियमाचा हात अतिदक्षता विभागापर्यंत पोचत नाही. तिथे प्रत्येक इंजेक्शनला डॉक्टरांची चिठ्ठी असतेच. नोंद तर तासातासाची असते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद देशातल्या मोठ्या रुग्णालयांतून जंतूंची आकडेवारी गोळा करते. तिच्या माहितीनुसार क्लेबसिएलाच्या शंभर नमुन्यांपैकी २०१६ साली ६५ नमुन्यांवर इमिपेनेम लागू पडत होते. २०२१ साली ४३ नमुन्यांवर. हे बड्या रुग्णालयांतले चित्र आहे, तालुक्याच्या दवाखान्याला ते जसेच्या तसे लावू नये. पण प्रकृती गंभीर झाली की आपण माणसाला हलवतो कुठे? बड्या रुग्णालयातच. २०१९ या एका वर्षात औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंमुळे जगात सुमारे पावणेतेरा लाख माणसे दगावली, असा अंदाज 'लॅन्सेट'मध्ये २०२२ साली प्रसिद्ध झाला आहे.

एकच मग

मुद्दा असा, की नळी राहतेच का? दाजींना ती घातली ते योग्यच होते. व्हेंटिलेटरवरच्या, रक्तदाब खाली गेलेल्या रुग्णाची लघवी दर तासाला मोजावी लागते. लघवी अडली असेल, काही शस्त्रक्रिया झाल्या असतील, पाठीला जखम होऊन ती ओली राहत असेल, तरी नळी हवीच. अखेरच्या दिवसांत कोणाला त्यामुळे आराम मिळत असेल तर तिच्यावर काही बोलू नये. पण पाचव्या दिवशी दाजी शुद्धीवर होते, चष्मा लावून पेपर मागत होते. त्या दिवशी नळीला कारण उरले नव्हते. कोणी ठेवायचे ठरवले असेही नाही. काढायचे कोणी ठरवले नाही, इतकेच.

यात आपल्याकडचे डॉक्टर वेगळे आहेत असे समजू नये. अमेरिकेतल्या चार रुग्णालयांत झालेली एक पाहणी २००० साली प्रसिद्ध झाली. आपल्या कोणत्या रुग्णाला नळी आहे, असे डॉक्टरांना नुसते विचारले. शंभरात २८ वेळा डॉक्टरांना ते ठाऊक नव्हते. गंमत म्हणजे विद्यार्थ्यांपेक्षा ज्येष्ठ डॉक्टर अधिक अनभिज्ञ निघाले. पांघरुणाखाली असलेली, आवाज न करणारी, गजर न देणारी ही वस्तू. मॉनिटर बोंबलतो, सलाईन संपले की यंत्र टुकटुक करते. नळी बिचारी गप्प असते.

दुसरे कारण मला प्रयोगशाळेत बसून कधी कळले नसते. नळी काढली तर रुग्णाला भांडे द्यायला माणूस लागतो. रात्री तीनदा उठवून, कूस बदलून, भांडे लावून, पुसून, चादर ओली झाली तर बदलून. ज्या विभागात एका सिस्टरकडे रात्री चार-चार गंभीर रुग्ण आहेत आणि दोन मावश्यांपैकी एक रजेवर आहे, तिथे नळी म्हणजे बिनपगारी मावशी. मी 'सोयीचं पडतं' म्हणालो होतो. कोणाच्या सोयीचे, याचा विचार तेव्हा केला नव्हता. रुग्णालये नवे यंत्र घेतले की जाहिरात करतात. रात्रपाळीला दोन मावश्या वाढवल्याची जाहिरात मी अजून पाहिलेली नाही.

तीच गोष्ट हातांची. दाजींच्या विभागात पिशव्या रिकाम्या करण्यासाठी एक निळा प्लॅस्टिकचा मग होता. वॉर्डातले मामा पहिल्या पलंगापासून सुरुवात करीत आणि शेवटच्या पलंगापर्यंत तोच मग, तेच हातमोजे. हातमोजे त्यांनी घातले होते हे खरे, पण त्यामुळे फक्त मामांचे रक्षण होत होते. पुस्तकात लिहिलेले असते की प्रत्येक रुग्णाचे भांडे वेगळे हवे, पिशवीची तोटी भांड्याला टेकता कामा नये, पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खाली राहावी आणि जमिनीला लागू नये. एक्स-रेला नेताना दाजींची भरलेली पिशवी त्यांच्याच पोटावर ठेवलेली मी पाहिली. ती मीच उचलून खाली अडकवली. निळ्या मगाबद्दल मात्र बोललो नाही. आपला माणूस त्यांच्या ताब्यात आहे, नाराज कशाला करा, हा विचार नातेवाइकांच्या मनात असतो तसाच माझ्याही होता.

एक कबुली आम्हा प्रयोगशाळावाल्यांनीही द्यायला हवी. नळी आठवडाभर असलेल्या माणसाची लघवी तपासली तर तीत जंतू आणि पस सेल्स सापडणारच. सापडले म्हणजे आजार झाला असे नाही. ताप नाही, थंडी नाही, दुखणे नाही, तर अशा जंतूंना औषध देऊ नये, हे आज जगभर मानले जाते. गरोदर स्त्रिया आणि मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया व्हायची असलेले रुग्ण हे अपवाद. पण आमच्याकडे नमुने कसे येत? कित्येकदा नळीतून ताजा घेण्याऐवजी पिशवीतून, बारा तास साठलेल्या लघवीतून. आम्ही इमानेइतबारे त्यातले जंतू वाढवायचे, मिलिलिटरमागे एक लाखाहून अधिक असे लिहायचे आणि औषधांची यादी जोडायची. तो कागद पाहिल्यावर औषध न देण्याचे धाडस किती डॉक्टर करतील? आणि केले तर नातेवाईक म्हणणार, "रिपोर्टमध्ये एवढे जंतू आलेत, तुम्ही काहीच कसं देत नाही? चांगलं भारी अँटिबायोटिक लिहा." असे न लागणारे औषध पुढच्या पलंगावरच्या माणसाला लागणारे औषध निकामी करून जाते. नमुना पिशवीतला दिसला की परत पाठवायचा नियम मी आमच्या प्रयोगशाळेत शेवटच्या पाच वर्षांत केला. तो पंधरा वर्षे आधी करता आला असता.

पैशाचेही बोलले पाहिजे. अमेरिकेत वृद्धांच्या सरकारी विम्याने ऑक्टोबर २००८ पासून ठरवले, की रुग्णालयात असताना नळीमुळे झालेल्या संसर्गाचा जादा खर्च रुग्णालयाला मिळणार नाही. त्याने संसर्ग किती कमी झाले यावर तिथे वाद आहेत. पण चूक कोणाच्या खात्यावर पडते, हे तरी स्पष्ट झाले. आपल्याकडे संसर्ग झाला की मुक्काम वाढतो, इंजेक्शने वाढतात, आणि बिल रुग्णाच्या घरी जाते. दाजींच्या आजारातला न्यूमोनियाचा खर्च एक आणि त्यानंतरचा तीन, असे प्रमाण होते. अक्काने त्यासाठी ठेव मोडली. कोणी मुद्दाम संसर्ग करतो असा आरोप मी करणार नाही, तसे मला वाटतही नाही. पण ज्याला तोटा होत नाही त्याला घाई कशाची?

नवी औषधे येतील, असा एक दिलासा असतो. येत आहेतही. एन.डी.एम.वाल्या जंतूंवर अॅझट्रिओनॅम आणि अॅव्हिबॅक्टम ही जोडी चालते. छत्रपती संभाजीनगरला संशोधन केंद्र असलेल्या वोक्हार्टच्या झिडेबॅक्टम या औषधाच्या चाचण्या नेमक्या अशाच अवघड मूत्रसंसर्गाच्या रुग्णांवर झाल्या, ही आपल्याला अभिमान वाटावी अशी गोष्ट आहे. आमच्या लहानपणी पिंपरीच्या पेनिसिलीनचा असाच अभिमान वाटे. १९५४ साली स्थापन झालेल्या त्या सरकारी कारखान्यामुळे पेनिसिलीन देशातच तयार होऊ लागले. क्लेबसिएलावर पेनिसिलीनचा उपयोग नव्हताच. ज्या जंतूंवर होता, त्यांतल्या अनेकांवर तो राहिला नाही. नवी औषधे त्याच विभागांत, त्याच नळ्यांवर, त्याच निळ्या मगांशेजारी वापरली गेली तर किती वर्षे पुरतील याचा अंदाज मला माझ्या मोजपट्टीवरून येतो.

दाजी वाचले. कोलिस्टिनने पाचव्या दिवशी ताप उतरला, पण मूत्रपिंडांनी मान टाकली. सहा वेळा डायलिसिस करावे लागले. अडतिसाव्या दिवशी ते घरी आले. मूत्रपिंडे पूर्ववत झाली नाहीत ती नाहीतच. स्टँडवर जाऊन बाकावर बसायचे आणि उशिरा सुटणाऱ्या गाड्यांवर टीका करायची, हा त्यांचा निवृत्तीनंतरचा उद्योग बंद पडला. दीड वर्षाने ते गेले. सहाव्या दिवशी नळी निघाली असती तर हे टळले असते, असे मी शपथेवर सांगू शकत नाही. जंतू तोवर शिरलेही असतील. पण अक्काने विचारले त्या संध्याकाळी विचारण्यासारखा तोच एक प्रश्न होता, आणि तो मला विचारला गेला होता.

त्यानंतर ओळखीतले कोणी अतिदक्षता विभागात असले आणि मला फोन आला, तर मी औषधांबद्दल फारसे बोलत नाही. सकाळी डॉक्टर राऊंडला येतात तेव्हा एवढेच विचारा, म्हणतो, की ही नळी आज कशासाठी आहे? काल का होती, ते नको. आज. उत्तर मिळाले तर आभार मानून गप्प बसा. आतापर्यंत कोणी डॉक्टर रागावल्याचे कानावर आलेले नाही. दोघांनी तर "बरं झालं आठवण केलीत" म्हटले. पुरुष रुग्णाला वरून लावायची पिशवी चालते का, लघवी मोजायचीच असेल तर डायपर वजन करून चालेल का, हे प्रश्न त्यापुढचे. आणि भेटीला आत जाताना व बाहेर येताना हात धुवा. मामांनी धुतले नाहीत तरी आपण धुवावेत.

गेल्या वर्षी अक्का स्वयंपाकघरात घसरून पडली. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, एक रात्र देखरेखीसाठी अतिदक्षता विभागात ठेवले. रुग्णालय दुसरे, गाव तेच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचलो तेव्हा ती सिस्टरशी बोलत होती. शाळेत उशिरा आलेल्या मुलाला विचारावे तसा तिचा आवाज. "ही नळी आज कशासाठी आहे, बाळ?" सिस्टर विशीतली असेल. तिने केस पेपर चाळला, जरा थांबली, मग डॉक्टरांना फोन लावला. दुपारी नळी काढली.

संध्याकाळी मी पुन्हा गेलो तर अक्का चिडलेली. भांडे मागून वीस मिनिटे झाली, मावशी फिरकलेल्या नाहीत, विभागात माणसे आहेत की नाहीत, असे तिचे चालले होते. मी भांडे कुठे असते ते विचारायला बाहेर गेलो.